तनसीच्या ढिगामागचा प्रॉम्टर

१ डिसेंबर २०१३, रविवार. जवाहरनगर

आज कॉलनीच्या क्लबात माझं व्याख्यान झालं. विषय : हॉलिवूडच्या फसलेल्या निवडी. श्रोते सात. त्यांतले दोघे कॅरम बोर्ड मोकळा व्हायची वाट पाहत होते, आणि एक माझी बायको सत्यवती, जिला परतताना भाजी घेऊ असं सांगून मी सोबत आणलं होतं. तरी मी दीड तास बोललो. पन्नाशीच्या नटाला कॉलेजचा पोरगा कसा केला, घोड्यावरून पिस्तूल उडवणाऱ्या गोऱ्या हिरोच्या डोक्यावर पूर्वेकडल्या बादशहाचा मुकुट कसा ठेवला, गोऱ्या तोंडाला तपकिरी रंग फासून 'हा घ्या हिंदुस्थानी' असं कसं म्हटलं, सगळं हातवारे करून सांगितलं. माझं म्हणणं एकच असतं. नट वाईट नसतो, निवडणाऱ्याचे डोळे फुटलेले असतात. हे वाक्य मी कित्येक वर्षं वापरतो आहे आणि दरवेळी ते मलाच सगळ्यात जास्त आवडतं.

शेवटी मडावी साहेब उठले. हे आमच्या सेक्शनचे सुपरवायझर, माणूस शांत, पण प्रश्न असा विचारतात की घरी जाऊनही तो पोटात गुरगुरतो. म्हणाले, भिवगडे, तुम्ही स्वतः कोणत्या रोलमध्ये शोभले असते? मी विचार न करता म्हटलं, राजाच्या. सत्यवतीला तेवढ्यात खोकला आला.

पण खोटं काय बोललो? फॅक्टरीत मी स्टोअरचा कारकून, पुढच्या मे महिन्यात रिटायर होणारा, हे खरं. पण माझ्या गावी, आंबागडला, धान निघालं की मंडईच्या जत्रेत जे नाटक होतं, त्याचा तीस हिवाळ्यांचा हिरो मीच आहे. लोक अजून म्हणतात, भिवगड्यांचा गोपीचंद बोलायला लागला की माणूस उठत नाही. सत्यवती म्हणते, थंडीत पांघरुणातून कोण उठणार.

४ डिसेंबर

अनुपचा फोन. आमच्या गावचा पोरगा, भंडाऱ्याला याचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. म्हणाला, काका, अमेरिकेची कंपनी येऊन राहिली, जानेवारीत आंबागडच्या किल्ल्याखाली शूटिंग आहे, लोकल माणसं जमवायचं काम माझ्याकडे आहे. त्यांना एक म्हातारा पाहिजे. जंगलातल्या गावाचा मुखिया, ज्याचा पोरगा वाघानं नेला आहे. गोरी हिरोईन जंगलात निघते तेव्हा तो तिला अडवतो आणि सहा वाक्यं बोलतो, तीही इकडल्याच बोलीत.

अनुप म्हणाला, फक्त चेहरा पाहिजे, काका. मी फोन ठेवून आरशात पाहिलं. पांढरी मिशी, खोल गेलेले डोळे. मुखिया नाही म्हणता येणार नाही. हॉलिवूडला माझी गरज पडली याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं, पण खरं लिहितो, वाटलं नाही. उशीर झाला एवढंच वाटलं.

७ डिसेंबर, शनिवार

भंडाऱ्याच्या एका लॉजमध्ये निवड झाली. मुंबईची एक बाई डोळ्यांवर काळा चष्मा लावून खोलीत बसली होती. मी येताना बसमध्ये राजाचं एक मोठं भाषण आठवून ठेवलं होतं, पण तिनं बोलायला लावलंच नाही. म्हणाली, खिडकीबाहेर बघा आणि हरवलेल्या एखाद्या गोष्टीचा विचार करा. मी स्कूटरच्या किल्लीचा विचार केला. ती सकाळपासून खरोखरच सापडत नव्हती. बाई हळूच 'ब्युटिफुल' म्हणाली आणि फटाफट फोटो काढले. अनुभव विचारला तेव्हा मी सांगितलं, तीस वर्षं हिरो.

खाली चहाच्या टपरीवर मडावी साहेब भेटले. अनुपनं त्यांनाही बोलावलं होतं. मडावी जातीचे गोंड, घरात गोंडी बोलतात, आजोबा खरोखरचे गावचे मुखिया होते. त्यांना बाईनं दारातूनच परत पाठवलं. म्हणे, हे बँक मॅनेजरसारखे दिसतात. साहेब हसत हसत सांगत होते. मला वाईट वाटलं, चहा संपेपर्यंत तरी वाटलं. मग अनुप जिना उतरत आला आणि म्हणाला, काका, तुम्ही फायनल.

८ डिसेंबर, रविवार. आंबागड

ही बातमी फोनवर सांगण्यासारखी नव्हती, म्हणून तुमसरची बस धरून जागेश्वरकडे आलो. जागेश्वर माझा लहानपणापासूनचा दोस्त. उंची माझ्या खांद्याखाली, अंगावर मांस नाही, पण आवाज असा की बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, या पाळीवरून हाक मारली तर त्या पाळीवरचे बैल माना वर करतात. आमच्या नाटकात तो प्रॉम्टर. विंगेत पुस्तक घेऊन बसतो आणि प्रत्येक वाक्य आधी तो म्हणतो, मग आम्ही. झाडीतल्या, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भातल्या, नाटकात अशीच रीत आहे. पुढच्या तीन रांगांना दोन्ही ऐकू येतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. एकदा मी विचारलं होतं, तू स्वतः का नाही उभा राहत? म्हणाला, या उंचीचा राजा पाहून लोक प्रधानाले मुजरा करतील.

तो खळ्यावर धानाची रास करत होता. मी सगळं रंगवून सांगितलं. त्यानं सुपारी-तंबाखूचा खर्रा दुसऱ्या गालात सरकवला आणि विचारलं, "अन् प्रॉम्टिंग कोन करन?" मला हसूच आलं. त्याला समजावलं की बाबा, हॉलिवूडमध्ये असलं काही नसतं, तिथे नट स्वतः बोलतात. तो परत राशीकडे वळला.

संध्याकाळी तिथेच जेवलो. त्याच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, आम्हा दोघांना ताटं वाढली आणि कोपऱ्यातल्या पाटासमोर आणखी एक मांडलं. मला वाटलं, माझी जागा तिकडे, म्हणून उठून त्या पाटावर जाऊन बसलो. भाजी फार छान झाली होती, दुसऱ्यांदा मागून घेतली. दोघं नवराबायको माझ्याकडे विचित्र बघत होते. हॉलिवूडचा माणूस आपल्याकडे जेवतो आहे याचं लोकांना अप्रूप असतंच.

मोनूचं विचारलं. हा त्यांचा एकुलता एक. बापाशी भांडून हैदराबादला गेला, तिसरं वर्ष लागलं, बापाला फोन नाही. जागेश्वरचं घरीही प्रॉम्टिंग चालायचं. पाहुणा आला की पोरानं काय बोलायचं ते आधी हाच बोलणार. पोरगी पाहायला गेले तेव्हाही मोनूच्या आधी यानंच उत्तरं दिली. शेवटी मोनू म्हणाला होता, मले माह्या मनानं बोलू द्या नं, बाबा. आणि निघून गेला. मी विषय काढला तसा जागेश्वर हात धुवायला उठला.

२० डिसेंबर

मेकअपची ट्रायल. मी मूळचाच काळा आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. मेकअपच्या पोरानं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या चित्राकडे पाहिलं आणि माझ्यावर आणखी एक हात काळा दिला. गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसं. माझ्याच व्याख्यानातला तपकिरी रंगाचा भाग मला आठवला, पण मी तोंड हलवू नये असं पोरानं सांगितलं होतं.

घरी आलो तर सत्यवतीनं दारातच थांबवलं. "आधी धुऊन या, उशीले रंग लागन," एवढंच म्हणाली.

२३ डिसेंबर

सुट्टीचा अर्ज घेऊन मडावी साहेबांकडे गेलो. त्यांनी ट्रायलचा फोटो मागितला. बराच वेळ पाहिला. म्हणाले, "मोरपीस नाचायच्या दिवशी लावतात, भिवगडे. रोज सकाळी लावून कोणी पाण्याले जात नाही." मग सही केली. वर विचारलं की अशा निवडीला तुम्ही व्याख्यानात काय म्हणता, ते डोळ्यांचं काहीतरी होतं ना? मी म्हटलं, सर, मला स्टोअरला जायचं आहे.

मनात एकदा आलं होतं की कंपनीला सांगावं, खरा माणूस तुम्ही दारातून परत पाठवला. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मग मी काय केलं असतं?

२ जानेवारी २०१४

वाक्यं आली. सहाच आहेत. पहिलं : 'वाघ आमचा देव आहे, बाहेरच्या बाई.' असलं वाक्य आमच्या झाडीत आजवर कोणी बोललं नसेल, पण ते असो. पाठ करायला बसलो. पहिलं वाक्य येतं, दुसऱ्याला पहिलं जातं. संध्याकाळपासून हेच चाललं आहे. सत्यवतीला समोर बसवून म्हणून दाखवलं, तिला आता सहाही पाठ आहेत.

कधी नव्हे ते एक विचित्र गोष्ट लक्षात आली. तीस वर्षांत मी इतकी नाटकं केली, पण पुस्तक घेऊन पाठांतराला बसल्याचं काही आठवत नाही. वय झालं की विसरायला होतं, दुसरं काय.

६ जानेवारी. आंबागड

गेलो शेवटी जागेश्वरकडे. त्याला म्हटलं, तू असाच बाजूला उभा राहशील का, नुसती सोबत म्हणून? सोबत या शब्दावर तो हसला. मी कागद पुढे केला. त्यानं चष्मा लावून वाचला आणि वाक्यं कोणी लिहिली, त्या माणसाला पोरंबाळं आहेत का असं विचारलं. मग कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. येतो म्हणाला. मला एवढा आनंद झाला की त्याला खर्रा घेऊन दिला, जो मी एरवी त्याला खाऊ देत नाही.

११ जानेवारी, शनिवार. आंबागड

आजचं आजच लिहितो.

किल्ल्याखाली कंपनीनं झोपड्यांचं गाव उभं केलं होतं. माझ्या झोपडीच्या बाजूला तनसीचा मोठा ढीग, अगदी खरा. धानाची तनस, म्हणजे पेंढा, जागेश्वरच्याच खळ्यावरून नेलेली. पहाटेच तो त्या ढिगामागे जाऊन बसला. मी मोरपिसं सांभाळत समोर उभा. गोरी हिरोईन आली, डायरेक्टर साहेबांनी 'ॲक्शन' म्हटलं. ढिगामागून जागेश्वरनं पहिलं वाक्य टाकलं, मी ते उचललं. दुसरं टाकलं, तेही उचललं. मला वाटलं, जमलं बापा.

साऊंडवाल्यानं कानावरची यंत्रं काढली आणि 'एको आहे' म्हणाला. परत झालं. परत एको. यंत्रं बदलली, तारा बदलल्या, किल्ल्याच्या भिंतीवरून आवाज परततो काय यावर दोन गोऱ्यांचा वाद झाला. तेवढ्यात एको खोकला. सगळं युनिट ढिगामागे गेलं. तिथे जागेश्वर उकिडवा बसलेला, हातात कागद, गालात खर्रा.

डायरेक्टर साहेबांनी मला विचारलं, हा कोण? पन्नास माणसं माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता कळलं तर मोरपिसं काढून घेतील. मी हिंदीत म्हटलं, "कोई नहीं साहब, पानी देने वाला है."

जागेश्वरला हिंदी चांगली समजते. तो उठला, तनस झटकली, कागद माझ्या हातात दिला आणि धानाच्या बांध्यांमधून सरळ निघून गेला. मागे वळूनही पाहिलं नाही.

मग मी एकटा. ॲक्शन म्हणत आणि माझ्या तोंडातून काही येत नसे. वाघ येई, देव येई, दोघांना जोडणारं काही येत नसे. हिरोईन बिचारी भली, दरवेळी पाणी विचारायची. शेवटी साहेबांनी सांगितलं की नुसते ओठ हलवा आणि तिच्याकडे पाहा, बाकीचं नंतर बघू. मी ओठ हलवले. तेवढं मला येतं.

१५ जानेवारी

अनुपचा फोन. डायरेक्टर साहेबांनी साऊंड ऐकला. त्यांना माझं काही नको आहे, त्यांना एको पाहिजे. म्हणाले, मुंबईच्या डबिंगवाल्याचा आवाज नको, तोच माणूस आणा, नाहीतर तो सीन कापतो आणि हिरोईन थेट जंगलात जाईल. कंपनी रविवारपर्यंत आहे.

अनुप म्हणाला, काका, तुमचाच शब्द ते काका ऐकतील. माझा शब्द! पण सीन गेला तर मी गेलो. सेक्शनमध्ये, कॉलनीत, सत्यवतीच्या माहेरी, सगळीकडे सांगून ठेवलं आहे. पुण्याच्या रुचितानं तर ऑफिसात पेढे वाटले. पोरीला काय सांगू, बापाला पाच मिनिटं धड उभं राहून बोलता आलं नाही?

१६ जानेवारी. आंबागड

जागेश्वर बोडीच्या पाळीवर बसला होता. मी जवळ गेलो तर पाण्याकडेच पाहत म्हणाला, "पानी आनलं काय माह्यासाठी?"

येताना बसमध्ये मी बरंच काही जुळवलं होतं. डायरेक्टर साहेब तुझ्यावर किती खूश आहेत, वगैरे. त्यातलं एकही आठवलं नाही. आठवायला प्रॉम्टर लागतो आणि तो समोर पाठ करून बसला होता. म्हणून जे होतं ते म्हटलं. "जागो, मले तुह्याशिवाय बोलता येत नाही. तीस वर्षं मी समजत होतो का मीच बोलून राहिलो."

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "गावाले माहीत होतं. तुलेच नव्हतं."

मी त्याची माफी मागितली. अशी मागितली की दोन म्हशी थांबून बघत होत्या. तो बराच वेळ खर्रा घोटत राहिला. मग म्हणाला येतो, पण एका अटीवर. तो एकटा यंत्रासमोर बोलणार नाही. विंग पाहिजे, आणि विंगेसमोर उभा राहून हातवारे करायला मी पाहिजे. समोर नट नसला की त्याला आवाज फुटत नाही. माझ्या अभिनयाचा काहीतरी उपयोग आहे हे पहिल्यांदाच कोणी कबूल केलं.

१९ जानेवारी, रविवार. भंडारा

लॉजच्या खोलीत गाद्या भिंतींना टेकवून ठेवल्या होत्या, पंखा बंद. अनुपनं दोरीवर चादर बांधली, ती विंग. चादरीमागे जागेश्वर आणि माइक. चादरीसमोर मी, विनारंगाचा, ऑफिसच्या पॅन्टमध्ये. साऊंडवाल्याला हे सगळं काय आहे ते कळत नव्हतं, पण त्यानं मान हलवली.

जागेश्वरनं पहिलं वाक्य अर्धं म्हटलं आणि थांबला. चादरीमागून विचारलं, "हे कोनं लिहिलं? ज्याचा पोरगा गेला तो बाप असा बोलते काय?" अनुपनं घाबरत घाबरत ते इंग्रजीत केलं. डायरेक्टर साहेब म्हणाले, मग त्यांना हवं तसं बोलू द्या.

मी हात पुढे केले, हिरोईनला अडवतो तसे. मागून आवाज आला :

"बाई, या वाटेनं नोको जाऊ. माहा पोरगा याच वाटेनं गेला. मी त्याले लय बोललो होतो. त्याची माय अजून सांजीले त्याचं ताट मांडते. मी तिले म्हनतो, मांडू नोको. अन् मीच पाट सरकवतो."

माझे हात तसेच राहिले. कोपऱ्यातला पाट. डिसेंबरात मी उठून त्यावर बसलो होतो, आणि भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली होती. आणि त्यांनी मला उठ म्हटलं नव्हतं.

अनुप इंग्रजीत सांगायचं विसरला. डायरेक्टर साहेबांनी विचारलंही नाही. चादर बाजूला करून जागेश्वर बाहेर आला आणि माझ्यावर खेकसला, "तोंड काहून बंद ठेवलं बे? ओठ हलवाचे होते नं." मी म्हटलं, विसरलो.

परतताना बसमध्ये त्याला मोनूचं काही विचारावं असं फार वाटलं. नाही विचारलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसलो, तर तो म्हणाला, हात काढ, जड लागते.

३१ मे

रिटायर झालो. निरोपाच्या समारंभात मडावी साहेबांनी माझी ओळख 'हॉलिवूडचे कलावंत' अशी करून दिली. टाळ्या पडल्या. आभाराची चार वाक्यं मी कागदावरून वाचली.

२६ ऑक्टोबर

सिनेमा तिकडे परदेशात लागला. भंडाऱ्याला काही येत नाही. रुचितानं पुण्याहून दिवाळीला येताना पेनड्राइव्हमध्ये आणला आणि सोबत एक बातमीही आणली. कुठल्याशा परदेशी वेबसाइटनं यंदाच्या सगळ्यात चुकलेल्या निवडी काढल्या आहेत, त्यांत आमचा सिनेमा आहे. हिरोईन आहे, तिचा प्रोफेसर बाप आहे, आणि खाली दोन ओळींत मीही आहे. रुचिता वाचून दाखवायला तयार नव्हती, मीच मोबाइल ओढून घेतला. 'म्हाताऱ्या मुखियाचा चेहरा एखाद्या कारकुनाला पिसं लावल्यासारखा आहे. आश्चर्य म्हणजे आवाज मात्र खरा आहे. तो आवाज ऐकून आम्हाला पुढचा सिनेमा बघवला नाही.'

सत्यवती म्हणाली, बरोबर लिहिलं आहे. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची नावं घेऊन व्याख्यानं देत होतो, आता त्यांच्या रांगेत बसायला मला जागा मिळाली. मला खरं म्हणजे रडू यायला पाहिजे होतं. मी हसत सुटलो, तेव्हा रुचितानंही मग रोखून धरलेलं हसू सोडलं.

तिनं आमच्या सीनचा तुकडा काढून व्हॉट्सॲपवर गावच्या पोरांना पाठवला. त्यात शेवटी नाव येतं ते माझं. जागेश्वरचं कुठंच नाही. त्याला फोन करून सांगितलं तर म्हणाला, प्रॉम्टरचं नाव बोर्डावर कधी असते काय?

२ नोव्हेंबर, रविवार. आंबागड

आज मंडई. यंदा मला आजोबाचा रोल मिळाला आहे, वयाला शोभेल असा पहिलाच. नाटकाआधी, उजेड असतानाच, पोरांनी स्टेजवर टीव्ही ठेवून आमचा तुकडा लावला. मोरपिसं दिसली तसा मांडव हसून हसून लोळला. मीही हसलो. मग आवाज आला आणि पहिल्याच शब्दाला बायांमधून कोणीतरी म्हणालं, अव, हा तं जागेश्वर. मग ताटाचं वाक्य आलं. सुलोचनाबाई पुढेच बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि तुकडा संपल्यावर पोरांना म्हणाल्या, परत लावा.

जागेश्वर पाहायला आलाच नाही. तो विंगेत रात्रीच्या नाटकाचं पुस्तक घेऊन बसला होता.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. हैदराबादचा नंबर. म्हणाला, काका, मोनू बोलतो. रुचितानं तुमचा नंबर दिला. मग विचारलं, "काका, तो आवाज बाबाचा आहे नं?"

मी धावत विंगेत गेलो, धोतर पायात येत होतं तरी धावलो, आणि मोबाइल जागेश्वरच्या कानाला लावला. मोनू आहे म्हणून सांगितलं. त्यानं पुस्तक मांडीवर उलटं ठेवलं. पलीकडून पोरगा बोलायला लागला. बोलतच राहिला, शब्द मला कळत नव्हते. जागेश्वरनं एकदाही त्याला मधे तोडलं नाही, एकही वाक्य आधी सांगितलं नाही. मग पलीकडलं बोलणं थांबलं. आता याची पाळी होती, आणि याच्या तोंडातून काही निघेना. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बोडीपलीकडल्या बैलांना ऐकू जाणारा तो आवाज, कुठे गेला कोण जाणे.

मी त्याच्या मागे उभा होतो. वाकलो आणि कानाशी हळूच म्हटलं, "ये म्हन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते.

"घरी ये म्हन, बे," मी परत म्हटलं.

"घरी ये," जागेश्वर म्हणाला.

तीस वर्षांत आज मी पहिल्यांदा प्रॉम्टिंग केलं. दोनच शब्द होते, तेही त्याला दुसऱ्यांदा सांगावे लागले. नट म्हणून जागेश्वर अगदीच कच्चा आहे.